अकरा वह्या



माझ्याकडे स्वाध्यायाच्या अकरा वह्या आहेत. दर चातुर्मासाची एक. वर तारीख, खाली त्या दिवशीचं प्रवचन. अक्षर नीटनेटकं, त्यामुळे मला त्यांचा जरा अभिमानच होता.

सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. एका रात्री म्हणाल्या, "अगं, कुंथलगिरीला माताजींनी एकत्व भावना किती सोपी करून सांगितली होती. तू लिहून घेतलीस ना? वाच की जरा." लिहिलं होतं हे नक्की, पण कोणत्या वहीत? पाचवी वही चाळेपर्यंत त्यांचा डोळा लागला. सकाळी पान सापडलं, तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. तरी कानाशी बसून वाचलं.

आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जिथे सल्लेखना घेतली, त्या क्षेत्रावरून ऐकून आणलेलं ऐन वेळी हाताशी नव्हतं. ही टोचणी राहिली.

पुढे जिनेंद्र वर्णीजींचा 'जैनेंद्र सिद्धांत कोश' चाळताना उलगडलं. कितीतरी ग्रंथांतलं त्यांनी ग्रंथवार नव्हे, विषयवार लावलंय. एक शब्द काढायचा. कोणत्या ग्रंथात त्यावर काय म्हटलंय ते एका जागी मिळतं. विनोबांच्या प्रेरणेने त्यांनी संकलित केलेल्या 'समणसुत्तं'च्या ७५६ गाथाही विषयवार ४४ प्रकरणांत आहेत. प्रवचन क्रमाने येतं, गरज काही क्रमाने येत नाही.

मग मी बारावी वही केली. पानांना नावं दिली: पीठ, पाणी, आजारपण, राग, मरण. पिठाच्या पानावर मर्यादा: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. पाण्याच्या पानावर: गाळलेलं ४८ मिनिटं, उकळलेलं २४ तास. प्रत्येक ओळीपुढे जुन्या वहीचा क्रमांक, पान आणि ग्रंथाचं नाव. हे मात्र चुकवू नका, नाहीतर शास्त्रातलं कोणतं आणि आपल्या मनचं कोणतं, हेच कळेनासं होतं.

वही भरत गेली तसं आणखी एक दिसलं. पीठ-पाण्याची पानं काठोकाठ भरली, 'राग' या पानावर मात्र दोनच ओळी. रागावर महाराज, माताजी बोलले नसतील असं थोडंच आहे! मीच लिहून घेतलं नव्हतं.

या चातुर्मासात ते पान भरायचं ठरवलंय.