आईला विचारलं नव्हतं

बाबांचं वर्षश्राद्ध धाकट्या भावाने गावी रीतसर केलं. भटजी, पिंड, केळीची पानं, काही कमी पडू दिलं नाही. माझं मात्र तेवढ्याने समाधान होईना. बाबांची आठवण त्यांना शोभेल अशी काढायला हवी, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि मी आई, बायको आणि मी अशा तिघांचं मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करून टाकलं. आईला सांगितलं ते पैसे भरून झाल्यावर. ती एवढंच म्हणाली, ‘‘बघ, तुका जमात तसा.’’ हा होकार आहे, असं मी धरून चाललो. मालवणी घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य कळू नये, याची आता लाज वाटते.

बाबा बोटीचे भक्त. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली, तिचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. पण गावी जाण्याचा विषय निघाला की ते मनाने भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहायचे. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावं आमच्याकडे आत्या-मावशांसारखी घेतली जायची. सकाळी मुंबई सोडायची. मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत बोट खाली सरकायची. डेकवर चादर पसरून जागा धरायची, शेजारी ट्रंक, आणि लगेच रमीचा डाव. विजयदुर्गाचा दीप दिसला की पत्ते गुंडाळायचे, कारण पुढचं बंदर आपलं, देवगड. तिथे बोट बाहेर पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. पावसाळ्यात हे सगळं बंद. ऐंशीच्या दशकात ते कायमचंच बंद झालं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखे बाबा काही दिवस गप्प होते. या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या होत्या की रमीचा डाव कोण जिंकलं, तेही मला पाठ होतं.

क्रूझ त्याच वाटेने जाणार, तर आईला बाबांची वाट दाखवू, असा माझा बेत. इथेच पहिली ठेच लागली. एवढ्या मोठ्या जहाजाला कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी यायला पाणी पुरत नाही. शिवाय किनाऱ्यालगत मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी. त्यामुळे ते बाहेरून, लांबून जातं, आणि जातं ते रात्री. संध्याकाळी मुंबई मागे पडली की दिसतो तो अंधार. तरी मी रेलिंगला टेकून बायकोला ‘‘तो बघ जयगडचा दीप’’ म्हणून दाखवलाच. तो दीप पाच मिनिटांत आमच्या समोरून चालत गेला. ट्रॉलर होता.

दुसरी चूक खोलीची. वरच्या मजल्यावरची, पार पुढच्या टोकाची, बिनखिडकीची खोली स्वस्तात मिळाली. वर म्हणजे चांगलं, अशी माझी फ्लॅटमधली अक्कल. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मधोमध, खालच्या मजल्यांवर; टोकाला आणि उंचावर त्याचं डोलणं जास्त जाणवतं, हे बुकिंग करताना कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आईला तासाभरात मळमळायला लागलं. उलटीवरची गोळी प्रवासाला निघण्याआधी घ्यायची असते. मी ती उलटी झाल्यावर दिली. तीही बाहेर पडली.

आणि तिसरी अशी की, सांगायला जीभ रेटत नाही. ‘‘जा तू, माका काय एक होणा नाय’’ असं आई म्हणाली आणि मी गेलो. वर पोहण्याचा तलाव, त्याच्या बाजूला गाणी, खाण्यापिण्याची रेलचेल. आराम करायलाच आलो होतो ना! शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब भेटलं, त्यांना मी बाबांच्या बोटीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. टाळी मिळाली. बायको मधून मधून खाली जाऊन आईला लिंबू-पाणी देऊन येत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पिशवीत नारळ आणि झेंडूची फुलं आणली होती. बाबांच्या नावाने समुद्राला द्यायची. रेलिंगपाशी नारळ काढला तोच एक तरुण कर्मचारी धावत आला. जहाजावरून समुद्रात काही टाकायचं नाही. आंतरराष्ट्रीय नियम आहे, मार्पोल म्हणतात त्याला. मी त्या पोराला नारळी पौर्णिमा, कोळीवाडे, दर्यासारंग असं बरंच काही ऐकवलं. तो नम्रपणे ‘‘सॉरी सर’’ म्हणत राहिला. नियम बरोबर होता. मी आवाज चढवला तो माझ्या डोळ्यांसमोर बाबा होते म्हणून नव्हे, पुण्याचं कुटुंब बघत होतं म्हणून.

नारळ घेऊन खाली आलो. आई जागीच होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘‘बाबांना आवडलं असतं, नाही?’’

‘‘तेंका आवडलाच असता,’’ ती म्हणाली. ‘‘तुझो बापूस वर पत्ते खेळत असायचो. मी खाली, इंजिनाच्या धगीत. तू मांडयेर, तुझो भाव पोटात.’’

मग ती बोलत राहिली. बोटीत बसायचं म्हटलं की तिला आदल्या रात्रीपासून झोप नसायची. ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना बुडाली, सहाशेंवर माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण तिच्या माहेरी बोटीचा प्रवास ठरला की ते नाव कोणी उच्चारायचं नाही, असा दंडक होता. त्यामुळे ते सगळ्यांच्या मनात असायचंच. एकदा देवगडला दर्या उसळलेला. खालचा पडाव वरखाली होतोय, आणि तिने मला खलाशाच्या हातात दिलं. तेवढ्यात पडाव लाटेने लांब गेला. मी खाली, ती वर.

‘‘आणि बाबा?’’

‘‘ते ट्रंका मोजी होते.’’

बाबांच्या गोष्टींत ट्रंका होत्या, चहा होता, रमीतले भिडू नावानिशी होते. आई कुठे बसली होती, हे त्यांत कधीच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बाबांवर राग धरण्याचा मला अधिकार उरला नव्हता. तासभरापूर्वी मी कुठे होतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गोव्याला उतरल्यावर आईने परत जहाजावर चढायला साफ नकार दिला. परतीचे पैसे बुडाले. मडगावहून गाडीने निघालो. कुडाळच्या आसपास भावाचा फोन आला, ‘‘कशी झाली ट्रिप?’’ मी सवयीने म्हणालो, ‘‘एकदम झकास, बाबांची आठवण...’’

आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि भाऊच्या धक्क्यापासून सुरुवात केली. कणकवली गेली, वैभववाडी गेली, तरी ती अजून दाभोळपर्यंतच आली होती.