हाफ क्लच

माझ्या गाडीचा क्लच मी एका संध्याकाळी जाळला, तोही माणसाच्या चालीपेक्षा कमी वेगात.

मित्राचं लग्न होतं. वरातीला ‘तुझीच गाडी पाहिजे’ असा सगळ्यांचा हट्ट. पुढे डीजे, मधे नाचणारी पोरं, मागे नवरदेवाला घेऊन मी. अडीच तास. गाडी न्यूट्रलला टाकून निवांत बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकत राहिलो आणि पोरांनी हात वर केला की रेस करून आवाज काढत राहिलो. देवळाजवळचा चढ आला तेव्हा नवरदेवाने नाकाला रुमाल लावला. त्यानंतर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी हलत नव्हती. शेवटी नाचणाऱ्या पोरांनीच ती ढकलत मांडवापर्यंत नेली. त्याचा व्हिडिओ अजून ग्रुपवर फिरतो.

गाडी अबार्थ पुंटो. नाकावर विंचू. कार्लो अबार्थने 1949 मध्ये इटलीत कंपनी काढली, त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. पण माझी गाडी आमच्या तालुक्यातली, रांजणगाव एमआयडीसीत बनलेली. 2015 साली बाजारात आलेलं हे मॉडेल: 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 हॉर्सपॉवर. दोन सीटची नाही म्हणून ‘ही कुठली स्पोर्ट्स कार’ म्हणणारे म्हणोत. नोकरीची पहिली चार वर्षं पैसे साठवून मी ती सेकंड हँड घेतली, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले होते, “एवढ्यात जुना ट्रॅक्टर आला असता.”

शिरूरच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून जुनी प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर रिवेटपर्यंत झिजलेलं. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग. फ्लायव्हील लेथवर साफ करून घेतलं, नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग टाकलं. दीड महिन्याचा पगार गेला.

“मी बसवलाय,” मिस्त्री चावी देत म्हणाला, “पण बसायचा अजून बाकी आहे. आठशे किलोमीटर दमानं घे. आणि हायवेचे किलोमीटर मोजू नको.”

हे मला कळलं नाही. त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाखवलं. नवी प्लेट आणि फ्लायव्हील सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकतात. प्रत्येक वेळी पाय सोडताना दोन्ही थोडे घासतात, उंचवटे झिजतात आणि हळूहळू पूर्ण पृष्ठभाग जुळतो. हायवेला पाचव्या गिअरमध्ये दोन्ही एकत्रच फिरतात, घासतच नाहीत, मग जुळणार कसे? जुळण्याआधीच जोर लावला तर अस्तर तापून काचेसारखं गुळगुळीत होतं. मग क्लच घसरतो किंवा गाडी उचलताना थरथरते.

म्हणजे 145 हॉर्सपॉवरची गाडी घेऊन मला बाजारातून, एसटी स्टँडवरून, स्पीडब्रेकरवरून फिरायचं होतं. गाव सगळं बघणार. वरात सगळ्यांनी पाहिलेलीच होती.

एकट्याने असं रिकामं फिरायची लाज वाटत होती, म्हणून मी आप्पांना बरोबर घेतलं. खरं कारण आणखी एक होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पाय वाकवायला सांगितला होता. ते ओट्यावर पाय लांब करून बसायचे. ज्या माणसाने वीस वर्षं दोन ट्रॉल्या ऊस ओढत न्हावऱ्याच्या कारखान्यावर नेला, तो आता चहाचा कपसुद्धा हातात आणून द्यावा म्हणून आईकडे बघायचा. आई काही बोलायची नाही. मीही नाही.

पहिल्या दिवशी रांजणगावच्या गणपतीला गेलो. दुसऱ्या दिवशी पेंड आणायला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्या पायाकडे बघितलं. “सिग्नल नाही, गिअर बदलायचा नाही, मग पाय पेडलवर कशाला? काढ.” मी काढला. गाडीचा क्लच वरातीच्या आधीच अर्धा मी कसा मारला असेल, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी दौंडला आत्याकडे निघालो. शिरूर, न्हावरा, मग पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला. ऊसतोडणीचे दिवस होते. ट्रॉल्यांमागे रांगेत दुसऱ्या गिअरवर चालताना मला पहिल्यांदाच ओव्हरटेकची घाई नव्हती. केडगावकडून गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. आप्पा पुढच्या ट्रॉलीकडे बघून स्वतःशीच म्हणाले, “मागची ट्रॉली जड भरलीय. चढाला उचलताना क्लच सोडेल आणि मग रेस देईल बघ, चुकीचं.” तसंच झालं. ट्रॅक्टरने झटका खाल्ला.

पाटस, कुरकुंभ करत दौंडला पोहोचलो, तर कुरकुंभ मोरीपाशी गाड्या तुंबलेल्या. थांब, उचल, थांब, उचल. असल्या रांगेत मी पूर्वी चिडायचो. आता मनात आकडे मोजत होतो. पुढची गाडी तीन-चार हात सरकेपर्यंत मी थांबायचो, मग एकदाच पाय पूर्ण सोडायचो. आप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर चाललं होतं.

परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे, रस्ता रिकामा बघून ते म्हणाले, “थांबव. मला दे.”

“आप्पा, गुडघा...”

“क्लच डाव्या पायाचाच असतो, मला माहितीय.”

ते सीटवर बसले. सीट पुढे ओढली. पाय पेडलवर ठेवला, दाबला, चेहरा वाकडा झाला, पण पाय तळापर्यंत गेला. पहिल्या वेळी गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळीही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिसऱ्या वेळी त्यांनी ॲक्सिलरेटरला हातच लावला नाही म्हणावं असं, नुसता क्लच सोडत सोडत गाडी उचलली. डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलली नाही. विंचवाची गाडी इतक्या मऊपणे मी कधीच उचलली नव्हती.

पाऊण किलोमीटर चालवून ते थांबले. मांडी चोळली. “जड आहे पेडल,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “उद्या कुठं जायचं?”

आठशे किलोमीटर कधी झाले ते मी पाहिलं नाही. मिस्त्रीने एक चक्कर मारून सांगितलं, बसला. आता मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायला हरकत नाही. पळवतोही. पण सोमवार-गुरुवार सकाळी चावी आप्पांकडे असते, आणि ते बाजारातून जातात.