गोड्या पाण्याची वाट

आमच्या तारापुराहून कोठेही जावयाचे झाले तरी वाट निवडण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. बोईसर स्टेशन गाठावे व गाडीत बसावे, नाही तर चिल्हारफाट्यास जाऊन महामार्ग धरावा. किती मिनिटे लागतील हे मोबाइलवरील नकाशा आधीच सांगून ठेवतो. म्हणून २०२५ च्या कार्तिकात आमचे थोरले बंधू अण्णा रात्रीच्या जेवणाच्या वेळी, "मला एकदा वैतरणेतून होडीने मनोरच्या बाजूस जावयाचे आहे," असे म्हणाले, तेव्हा पंगतीतील लहानथोर मंडळी हातातला घास हातात ठेवून एकमेकांकडे पाहू लागली.

अण्णांचे वय एकोणऐंशी. त्यांची सारी नोकरी येथील अणुविद्युत् केंद्रात गेली. १९६९ साली ते केंद्र सुरू झाले आणि पुढे बोईसरास कारखाने उभे राहिले, तेव्हापासून आमच्या घरातील बोलण्यातून भरती-ओहोटी निघून गेली व तिच्या जागी पहिली पाळी-दुसरी पाळी आली. गेली चार वर्षे अण्णांना काचबिंदू आहे. नळीतून पाहावे तेवढेच समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. गेलेली दृष्टी परत यावयाची नाही, आहे तेवढी राखावयाची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा 'एकदा' ह्या शब्दाचा अर्थ पंगतीतील प्रत्येकास कळला होता, आणि कळला होता म्हणूनच कोणी लवकर बोलेना.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "वैतरणेवरून कोणी हौसेने जाते का?"

त्यांच्या डोळ्यांपुढे गरुडपुराणातील वैतरणी उभी राहिली असणार. ही नदी ती नव्हे, ही त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून निघून पश्चिमेस येते, तिचीच शेजारीण गोदावरी पूर्वेस जाते, वगैरे भूगोल आम्ही सांगितला. परंतु नावाने बसलेली भीती भूगोलाने जात नाही. त्यातून ह्याच नदीचे नाव घेतलेली 'वैतरणा' आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरात काठेवाडच्या किनाऱ्याजवळ उतारूंसह नाहीशी झाली, ही गोष्ट आमच्या सूनबाईंस नेमकी त्याच वेळी आठवली. असो.

अण्णांच्या मनात ही गोष्ट का होती, ते सांगितले पाहिजे. १९५६ साली आमचे वडील दातिवऱ्याच्या बाजूस प्राथमिक शिक्षक होते. मनोरास एका आप्ताकडे मुंज निघाली, आणि वडील दहा वर्षांच्या अण्णांस घेऊन एका पडावातून खाडीने गेले. आमचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. त्यामुळे ती सफर आम्हांस ठाऊक आहे ती केवळ वडिलांच्या टिपणवहीतून. त्यात तीन ओळी आहेत. पहाटे पाण्याबरोबर निघालो. वाढीवास डावी घेतली. दुपारी मनोरच्या अलीकडे पाणी गोडे झाले, चिरंजीवास पाजिले. अण्णांस मनोर नको होते, मुंजीचे घर तर कधीच पडले. समुद्राचे पाणी संपून नदीचे पाणी कोठे लागते, ती जागा त्यांना पुन्हा एकदा गाठावयाची होती.

वाट ठरविण्याचे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. चौतीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसास असल्या कामात आपली योग्यता वाटावी ह्यात नवल नाही, कारण खाडीची वाट ही निम्मी पंचांगात असते. तिथीस तीनांनी गुणून चारांनी भागावे, जे येईल ते भरतीच्या पूर्णतेचे घड्याळ. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. हा हिशेब आमच्या किनाऱ्यावरील कोळी बाईसुद्धा बोटांवर करते. ह्यात एक गंमत आहे, ती आम्ही पुष्कळ विद्यार्थ्यांस फळ्यावर काढून दाखविली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे पाणी सर्वांत मोठे असते त्या उधाणाच्या दिवसांत, आमच्याकडे भरती नेहमी दुपारी व मध्यरात्री पूर्ण होते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती सकाळ-संध्याकाळ पूर्ण होते व पाणी थोडके असते. म्हणजे मोठे पाणी व उजेडातील प्रवास दोन्ही हवे असतील, तर पाण्याबरोबर सकाळी वर जावे आणि ओहोटीबरोबर दिवस मावळण्यापूर्वी खाली यावे. हे फक्त उधाणाच्या दिवसांतच साधते. आमच्या पुतण्याने, त्याला पाण्याची भीती वाटत असल्यामुळे, अष्टमीचा शांत दिवस सुचविला होता. भांगाच्या पाण्यात होडी वरच्या अंगास गाळात बसेल, हे आम्ही त्यास कागदावर काढून पटविले. मार्गशीर्ष वद्य द्वितीया आम्ही निश्चित केली. भरती दीड वाजता. दातिवऱ्याहून सकाळी सातास, अगदी ओहोटीच्या तळास निघावयाचे, म्हणजे अख्खी भरती पाठीशी. वडीलही असेच गेले होते.

पुतण्याची दुसरी सूचना अशी की मोटारीने थेट मनोर गाठावे व तेथून ओहोटीबरोबर खाली यावे, अण्णांस शीण कमी होईल. सूचना वाईट नव्हती. परंतु तिकडे होडी आयती मिळावयाची नाही. शिवाय गोड्या पाण्यापासून निघून खाऱ्याकडे यावयाचे, हे अण्णांस मुळीच रुचेना. "उलटे वाचून पुस्तक कळते काय?" एवढेच ते म्हणाले.

दातिवऱ्यास आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी आहे. त्याची स्वतःची होडी आहे. आम्ही वही, पंचांग व कागदावरील आकृती घेऊन त्याच्या ओटीवर गेलो. त्याने सारे आदराने ऐकून घेतले. त्याची आई मात्र जाळ्याचे भोक सांधीत कोपऱ्यात बसली होती, तिने मान वर न करता विचारले, "गुरुजी, द्वितीयेला सकाळी सात वाजता इथं पाणी कुठं असतं, ते बघितलंय का? गुडघाभर गाळातून तुमच्या भावाला होडीपर्यंत कोण नेणार, तुम्ही?"

खरे सांगावयाचे तर आम्ही निरुत्तर झालो. ओहोटीच्या तळास निघावयाचे म्हणजे पाणी खूप दूर गेलेले असणार व मध्ये नुसता चिखल, हे लहान मुलासही कळावे. आमच्या आकृतीत भरतीची वेळ होती, उतारू नव्हता. पडावात वडिलांनी अण्णांस खांद्यावरून नेले असेल. वहीत ते लिहिलेले नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नसावे.

मग माय-लेकांनीच वाट ठरविली. मुखापासून निघावयाचेच नाही. विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारास मोटारी नेणारी रो-रो बोट २०२५ सालीच सुरू झाली, तिच्यासाठी जलसारच्या अंगास धक्का झाला आहे. होडी त्याने तेथे आणावी. पाणी अर्धे चढले म्हणजे दहाच्या सुमारास धक्क्यावरून कोरड्या पायांनी अण्णांनी होडीत पाय ठेवावा. आणि परत येताना धक्क्याशी पाणी आहे तोपर्यंत, म्हणजे साडेपाचाच्या आत, पोहोचावे. अण्णांस हे सांगताना आम्हांस ओशाळल्यासारखे झाले, कारण समुद्राचे मुख, अर्नाळ्याचा किल्ला, हे सारे सुटत होते. ते क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "खारे पाणी मी जन्मभर पाहिले. पुढचे बोला."

ठरल्या दिवशी पाच जण निघालो. अण्णा, आम्ही, पुतण्या, विद्यार्थी आणि त्याचा मुलगा. वहिनींनी दशम्या, लसणाची चटणी व पाण्याच्या दोन कळशा दिल्या. नदीवर जाताना पाणी कशास, असे आम्ही म्हणालो नाही. लाइफ जॅकेट घालताना अण्णांनी थोडी कुरकूर केली. होडी हल्लीच्या रीतीची, फायबरची, मागे यंत्र लावलेली. एका लाकडाची कोरलेली होडी आता आमच्या पाहण्यात येत नाही. मात्र वल्ही बरोबर होती, आणि अण्णांच्या आग्रहावरून मधूनमधून यंत्र बंद केले जाई. त्या वेळी तिवरांच्या मुळांत पाणी शिरण्याचा आवाज ऐकू येई, व अण्णा मान कलती करून तो ऐकत.

वाढीवापाशी वादाचा प्रसंग आला. तेथे बेटामुळे प्रवाह दुभंगतो आणि रेल्वे दोन पुलांवरून जाते, ९२ व ९३ क्रमांकांचे हे पूल. बेटावरील माणसांस बाहेर यावयाचे तर होडी, नाही तर रुळांच्या कडेने पुलावरून चालत जाणे, अशी स्थिती वर्षानुवर्षे आहे. आम्ही वही उघडून म्हणालो, "डावी घ्यावयाची." विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, त्या सालची डावी आता तिथं नाही." सक्शन पंपांनी खाडीतील रेती इतकी उपसली गेली आहे की तळ कोठे खोल खड्डा झाला आहे, कोठे काठ ढासळून उथळ, उधाणाचे पाणी अशा जागी कसे फिरेल ह्याचा भरवसा नाही. त्याने उजवी घेतली. पुलाखालून जाताना वरून एक गाडी गेली, आणि रुळांच्या कडेला डोक्यावर भाऱ्यासह अंग चोरून उभी असलेली एक बाई आम्हांस दिसली. पुतण्या, जो तोपर्यंत होडीची कड सोडीत नव्हता, तो तिच्याकडे पाहतच राहिला.

तेथून वर नदी निराळी होते. तांदुळवाडीचा डोंगर मागे पडतो, खाजणे संपतात. आम्ही अण्णांस दोन्ही तीर वर्णन करून सांगत होतो, मास्तरी सवयीप्रमाणे जरा जास्तच. मध्येच त्यांनी हात वर केला. "समोर कोहोज आला का? माथ्यावर दगडाचा माणूस दिसतो का?" आला होता. वाऱ्याने झिजून माणसासारखा झालेला तो सुळका धुक्यातून बारीक दिसत होता. त्यांना तो दिसला की आठवला, हे आम्ही विचारले नाही.

दर अर्ध्या तासाने अण्णा पाण्यात बोट बुडवून जिभेस लावीत आणि मान हलवीत. खारे. पुन्हा खारे. दीड वाजला. आम्ही घड्याळ पाहून म्हणालो, "भरती पूर्ण झाली, आता फिरले पाहिजे." विद्यार्थी हसला. पंचांगाची वेळ समुद्रावरची, वर चढत यावयास पाण्याला तासभर अधिक लागतो, हे त्याने सांगितले. आणि खरोखरच पाणी अजून वरच चालले होते, पाण्यावरची पाने आमच्या पुढे पळत होती. चौतीस वर्षे फळ्यावर काढलेली आकृती अशी नदीत बुडाली.

पाणी गोडे का होत नाही, ह्याचा मात्र आम्हांस उलगडा झाला होता, व तो अण्णांस सांगावा की नाही ह्या विचारात आम्ही होतो. तानशाचे पाणी मुंबईस १८९२ पासून जाते. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, १९७३ त अप्पर वैतरणा, २०१४ त मध्य वैतरणा. सूर्येवर धामणी, कवडास. वरून येणारे गोडे पाणी असे वाटेतच अडवले जात असता खाली खारे पाणी पुढे सरकणारच. वडिलांची जागा आता त्या जागी नसेल. अण्णा मात्र शेतकी खात्याच्या माणसाप्रमाणे शांतपणे बोट बुडवीत होते.

अडीचास विद्यार्थ्याने यंत्र बंद केले. ह्यापुढे गेल्यास धक्क्यावर अंधार होईल व पाणीही सुटेल. "पाऊण मैलावर असेल कदाचित, किंवा तीन मैलांवर," तो म्हणाला. "सांगा काय करू." सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही अण्णांकडे पाहिले. त्यांनी वाकून ओंजळ भरली व प्यायले.

"गोडे आहे," ते म्हणाले.

आम्ही ओंजळ भरली. पाणी मचूळ होते. चौतीस वर्षे मुलांना खरे बोलावयास सांगितलेले तोंड आम्हांस त्या क्षणी फार जड वाटले. अण्णांनी विचारले, "काय रे?"

"मचूळ आहे, अण्णा."

"त्या वर्षीही मचूळच होते," ते म्हणाले. "बाबांनी गोडे म्हटले, म्हणून मी गोडे म्हटले. ते इतके दूर घेऊन आले होते." आणि पुतण्याकडे वळून म्हणाले, "तू घे पाहू."

पुतण्याने ओंजळ घेतली. काय लागले ते त्याने सांगितले नाही, आणि होडी फिरली.

धक्क्यास पाच वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. घरी वहिनींनी पहिल्याने अण्णांचे पाय पाहिले, कोरडे होते. रात्री आम्ही वडिलांच्या वहीत त्यांच्या तीन ओळींखाली लिहून ठेवले. मार्गशीर्ष वद्य द्वितीया. जलसारहून दहास. वाढीवास उजवी. मुखाच्या भरतीहून वर पाणी तासभर मागून. परतण्याची जागा: कोहोज समोर उजव्या हातास, काठावर दोन ताड. पाणी मचूळ. शेवटचे दोन शब्द अण्णांनी सांगितल्यावरून लिहिले.