उसने चौदा दिवस

खानापूरच्या बाजूला आमचे थोडे भाताचे रान आणि जुने कौलारू घर आहे. २००९ साली सासूबाई हयात होत्या आणि परसातल्या कोंबड्यांचा सारा कारभार त्यांच्याकडे होता. मस्कोव्ही बदकांची जोडी मात्र माझ्या हौसेने आलेली. नावावरून रशियाची आठवण व्हावी, पण हा पक्षी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. डोळ्यांभोवती लाल, खरबरीत मांस आणि तोंडातून नुसता फुसकारा! सासूबाईंना ते ध्यान कधीच रुचले नाही.

पाडव्याच्या तोंडावर भटक्या कुत्र्यांनी मादी मारली. तिची सहा अंडी गवतात मागे राहिली. ती अद्याप उबवायला बसली नव्हती, म्हणून आशा होती. त्याच सुमारास सासूबाईंची काळी कोंबडी खुडूक झालेली. माझा बेत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "किती दिवस?"

"पस्तीस."

"कोंबडीचा हिशेब एकवीस दिवसांचा असतो गं. वरचे चौदा तू तिच्याकडून चोरून घेणार."

मजजवळ उत्तर नव्हते. तरीही पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या अंधारात, मी पेंढा घातलेल्या पाटीत तिला बसवलेच.

त्या थोराड अंड्यांवर काळी कशीबशी पसरून बसे. तिला ती नीट फिरवता येतील याची खात्री नव्हती. म्हणून एका अंगाला कोळशाने फुली मारून मी ती दिवसातून तीनदा हाताने फिरवी. आठव्या रात्री टॉर्चच्या उजेडात पाचांत लाल शिरांचे जाळे दिसले. सहावे रिकामे होते, ते काढून टाकले. बदकीण पाण्यातून ओल्या पोटाने घरट्यात परतते. कोंबडीला ती सवय कुठली? म्हणून पुढे मी रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा देऊ लागले.

एकविसावा दिवस आला आणि गेला. काळी मान वाकवून पोटाखाली कान दिल्यासारखी बसे. तिचा तुरा फिका पडला, अंग हलके झाले. दाण्यासाठी मी उचलून बाहेर ठेवले तरी दोन घास घेऊन ती परत धावे. तिसाव्या दिवशी माझा धीर सुटला. तिला उठवून मोकळे करावे, असे मी बोलूनही दाखवले.

"आता उठवशील तर ते चौदा दिवसही फुकट जातील," सासूबाई म्हणाल्या. बाविसाव्या दिवसापासून त्या स्वतःच भिजवलेल्या कण्यांची वाटी तिच्या चोचीपुढे धरीत होत्या, हे मला तेव्हा कळले.

चौतिसाव्या दिवशी एका कवचाला टवका उडाला. त्यानंतर रात्रभर काही नाही. यजमान कवच सोलायला निघाले. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. आतल्या शिरांतले रक्त पिलात उतरण्याआधी कवच सोलले तर पिलू रक्तस्रावाने दगावते. मे महिन्याच्या दोन तारखेपर्यंत चार पिवळी पिले बाहेर आली. पाचवे कवचातच गेले.

मृगाच्या पावसात पिले बांधाकडेच्या पाण्यात उतरली. काळी काठावरून केविलवाणी ओरडत येरझाऱ्या घाली आणि सासूबाई काठी घेऊन तिच्या सोबतीला उभ्या राहत. "येतील गं, तुझीच आहेत," असे त्या तिला सांगत.

पुढल्या वर्षी काळी पुन्हा खुडूक झाली. मी काही बोलण्याआधीच सासूबाईंनी तिच्याखाली तिचीच नऊ अंडी ठेवली आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला.