आपली बाटली घेऊन चाकणला

आमच्या आळीत दुखणं आधी घरातच बघायचे. खोकला झाला की अडुळशाचा काढा, पोट धरलं की ओवा-मीठ, टाचेला भेगा पडल्या की बिब्बा, पोर किरकिरलं की मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड. आजी वेढे मोजून द्यायची. एवढ्यानं नाही उतरलं, तर मग चाकणचे डॉक्टर.

चाकणला जाताना बाटली आपलीच न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्स्चर भरायचा आणि कातरीनं खाचा पाडलेली कागदी पट्टी वरून डकवायचा. एक खाच, एक डोस. औषध संपलं की बाटली धुऊन पुन्हा कोनाड्यात. सुई टोचली नाही तर म्हातारी माणसं हिरमुसून परतायची. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन तिथं तयार व्हायला लागलं. सुईतलं औषध आपल्या पिंपरीचं, हे आजोबा पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगायचे.

भीतीही होती. दवाखान्यात भरती करायला नेलेलं माणूस माघारी येत नाही, असं म्हणायचे. यायचं नाहीच, कारण न्यायचेच अगदी शेवटाला. ही भीती मोडली ती थोरल्या काकूनं. दोन दिवस अडली होती. शेवटी सुईणीनंच सांगितलं, "आता माझ्या हातात काही नाही, गाडी जुंपा." बैलगाडीत कडबा अंथरला, त्यावर गोधडी, काका कंदील धरून पुढं चालले. आठवड्यानं काकू बाळाला घेऊन दारात उतरली, आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यानंतर आमच्या घरातली एकही सून घरी बाळंत झाली नाही. आळीत येणाऱ्या नर्सबाई ओट्यावर बसून वर्षभर हेच सांगत होत्या, बाळंतपण दवाखान्यात करा; ते त्या सकाळी पटलं.

पुढं कारखाने आले. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले की चुलते कुरकुरायचे. त्याच कार्डावर चिंचवडला आजोबांचा मोतीबिंदू निघाला, कुरकुर थांबली. पैशाची धास्ती नसली आणि दवाखान्यात आपल्या बोलीत विचारपूस करणारं कुणी असलं, की माणूस दुखणं अंगावर काढत नाही. आमच्या आळीत तरी असंच झालं.

तुमच्या घरातून दवाखान्याची पायरी पहिल्यांदा कोण चढलं? सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.