अडीच मिलिमीटरची ओळख

भोसरी एमआयडीसीत माझ्या मावसभावाची टूलरूम आहे. तिथे प्लास्टिकच्या भागांचे मोल्ड बनतात. लिंक्डइनवर त्याच्या ओळखी शेकड्यांनी, पण अडल्यावर फोन करावा असं त्यात कुणी नव्हतं.

मग एका झाकणाने त्याला घाम फोडला. आतल्या बाजूला जिथे रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी, नेमका तिथेच वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा उमटायचा. कारखान्यात याला सिंक मार्क म्हणतात. ग्राहक माल परत पाठवू लागला. कोइमतूरचे एक निवृत्त मोल्डमेकर अशाच दोषांवर लिंक्डइनवर लिहायचे. भावाने त्यांना गाठलं, पण ‘आपल्याशी जोडले जायला आवडेल’ या छापील वाक्याने नाही. त्याने कळवलं: भिंत २.५ मिलिमीटर, रिब २, मटेरियल पीपी (पॉलिप्रोपिलीन), होल्डिंग प्रेशर वाढवून पाहिलं, खळगा हटत नाही.

मी शेजारीच होतो. मला वाटलं, अनोळखी माणसाला कुणी एवढा तपशील पाठवतं का! पण त्या मोल्डमेकर सरांना उत्तर द्यायला सोपं गेलं ते त्या आकड्यांमुळेच. त्यांनी लिहिलं, रिब भिंतीच्या साधारण निम्मी ठेवा. जाड जागेतलं प्लास्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि वरची कातडी आत ओढतं. सल्ला एका ओळीचा, काम मात्र किचकट. रिब पातळ करायची तर मोल्डच्या पोलादात भर घालावी लागते. भावाने मोल्डमध्ये पोलादाचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, बसवला, ट्रायल घेतली आणि नव्या झाकणाचा फोटो मापांसकट सरांना पाठवला. माझ्या मते ओळख पक्की झाली ती या फोटोने. एरवी काम झालं की लोक गप्प बसतात.

दूरची ओळख अशी कामाला येते, हे निरीक्षण जुनंच आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची वार्ता बहुधा दूरच्या ओळखीतून येते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्यात सर्वाधिक कामाला आल्या त्या मध्यम सैल ओळखी. अगदीच परक्या ओळखी तितक्या उपयोगी ठरल्या नाहीत.

पुढे होसूरच्या एका कारखान्याला मोल्ड हवा होता, तेव्हा सरांनी भावाचं नाव सुचवलं. दर मात्र त्याला घासाघीस करूनच मिळाला.