इस्त्रीचे मणी

गेल्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरात छोले भिजत घालत होते, तेवढ्यात डक्टमधून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. खालच्या मजल्यावरच्या मुलाने मण्यांवर बटर पेपर न घालताच इस्त्री टेकवली होती, हे नंतर कळलं. इस्त्रीच्या तळाला हिरवा-पिवळा राडा चिकटला आणि त्याची आई त्याला नि इस्त्रीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली, कारण आमच्या सोसायटीत हे मणी आणण्याचा मूळ गुन्हा माझा. पण वास आला त्या क्षणी माझ्या मनात मणी नव्हतेच. मला वाटलं, आई पाकिटं बंद करतेय. आई आता नाही, आणि पाकिटं बंद करणं तर तिने त्याच्याही कितीतरी आधी सोडलं होतं.

सांगलीच्या आमच्या घरात भर मे महिन्यात पंखा बंद असायचा. मेणबत्ती लावलेली असायची म्हणून. आई मेतकूट, भाजणी, गोडा मसाला करून विकायची. पॉलिथिनच्या पिशव्या बाजारातून किलोवर यायच्या. पिशवीत माल भरायचा, आत छापील चिठ्ठी सरकवायची, तोंडाची घडी हॅकसॉ ब्लेडवर घालायची, कड जराशी बाहेर ठेवायची आणि ती कड ज्योतीवरून एका लयीत ओढायची. हात रेंगाळला तर भोक, घाई झाली तर तोंड उघडंच. ज्योत हलली की पाकीट वाया. म्हणून आम्ही भावंडं घामाने निथळत चिठ्ठ्या घालायला बसायचो, अक्षरं बाहेरून वाचता येतील अशा बेताने. आई ज्योतीकडे फारशी बघायची नाही. ती नाकाने काम करायची. वास एका ठरावीक टप्प्यावर आला की तिचा हात आपसूक पुढे सरकायचा.

मणी माझ्याकडे आले ते फार पुढे, मी बालवाडीत शिकवत असताना. भाची स्वीडनमधल्या गोथेनबर्गला राहते. तिकडच्या बालवाड्यांत ही कामं घरोघरी जातात आणि फ्रिजच्या दारांवर चिकटतात. सुट्टीला येताना तिने एक अख्खी बालदी आणली. बारीक नळीचे तुकडे केल्यासारखे मणी, आणि खुंट्या असलेल्या पाट्या. खुंटीवर एकेक मणी बसवायचा, चित्र झालं की वर बटर पेपर घालून कोरडी इस्त्री फिरवायची. मणी कडेकडेने वितळून एकमेकांना धरतात. दोरा नाही, गोंद नाही. आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांना ‘इस्त्रीचे मणी’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

नळीचे तुकडे म्हणाले, ते अगदी खरं निघालं. डेन्मार्कच्या मोर्स बेटावर माल्टे हॉनिंग नावाच्या माणसाने 1961 मध्ये कारखाना काढला तो शीतपेयाच्या स्ट्रॉंचा. स्ट्रॉ चिरून मणी करायची कल्पना मागाहून आली, आणि आज जगभरची मुलं ज्यांना हामा मणी म्हणून ओळखतात ते तिथलेच. आपल्याकडचे पोतीचे काचमणी तरी कसे होतात? तापलेल्या काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे, मग पुन्हा आच देऊन कडा बोथट करायच्या. दक्षिण भारतात ही कृती दोन हजार वर्षांची जुनी आहे. नळी, तुकडा, आच. हॉनिंगच्या कारखान्यात आच तेवढी गाळली आणि ती घरातल्या इस्त्रीवर सोपवली.

मण्यांच्या कामावर माझा एक जुना राग आहे, तो इथे सांगून टाकते. आत्याच्या रुखवतात आलेला मोत्यांचा हंस तिच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होता. तारेत ओवलेले पांढरे प्लॅस्टिकचे मोती, लाल चोच, पायाशी आरशाचं तळं. आम्ही पेटीजवळ गेलो की आतून आवाज यायचा, ‘हात लावू नका गं.’ पेटीला कुलूप होतं, तरीही. तो हंस कुणी केला, त्यांना तो करताना मजा आली का, हे आत्याने कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पेटीची काच बाहेरून पुसली जायची.

म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम असा, की मण्यांत कोपरापर्यंत हात घालायचा. निवृत्त झाल्यावर घरीच रविवारचा वर्ग घेते. तिनाच्या पुढची मुलं 10 मिलिमीटरचे मोठे मणी घेतात, पाच पूर्ण झालेली 5 मिलिमीटरचे. त्याहून लहानांना मी मण्यांच्या जवळ फिरकू देत नाही, तोंडात घालतात. बालदीतून मूठ उपसायची, ताटात ओतायची, रंग निवडायचे. खरं काम त्या निवडण्यात आणि चिमटीत असतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मणी उभा धरून खुंटीवर नेमका उतरवायचा, शेजारचा न पाडता. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी झाली की मणी बोटांना, बाहीला चिकटून येतात आणि मुलं हात झटकून सगळी पाटी सांडतात. मग पुन्हा पहिल्यापासून. आईवडील फोनमधून पोकेमॉनचे नकाशे आणतात, चौकट मोजून मणी मांडायचे. मुलाने कानाला जांभळा लावला की मागून बोट येतं, ‘अरे, तिथे पिवळा.’ अशा पालकांना मी स्वयंपाकघरात चहा प्यायला पाठवते आणि चहा मुद्दाम सावकाश करते.

इस्त्रीची वेळ आली की जमिनीवर खडूची लक्ष्मणरेषा आखते. मुलं तिच्या पलीकडे. आणि पंखा बंद. पंख्याने बटर पेपर उडतो, हे कारण मुलांना सांगते, ते खोटं नाही. इस्त्री वर्तुळात फिरवायची, दाबायची नाही. कागदातून बघत राहायचं, मण्यांची भोकं बारीक होत जातात. पाटीवरून सोडवून उलटं करायचं, दुसरी बाजू. मग थंड होईतो वर वजन, नाहीतर चित्र वाकडं होऊन बसतं. मी वर ‘रुचिरा’ ठेवते, दोन्ही भाग. मुलं त्या दोन पुस्तकांकडे बघत गप्प बसतात, एवढा वेळ ती दुसऱ्या कशासाठीही गप्प बसत नाहीत.

आईच्या पिशव्या आणि माझे मणी एकाच पदार्थाचे, हे मला रसायनशास्त्र शिकलेल्या भावाने सांगितलं. तोवर नुसत्या वासावरून ओळख पटलेली होती. मार्च 1933 मध्ये इंग्लंडच्या चेशरमधल्या विनिंग्टनला, आयसीआयच्या प्रयोगशाळेत, रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूची दुसऱ्या एका द्रवाशी गाठ घालत होते. हवं ते झालंच नाही. भांड्याच्या तळाशी थोडा पांढरा, मेणचट पदार्थ उरला, तो पॉलिथिन. पुढे युद्धात त्याचा उपयोग रडारच्या तारांवरच्या वेष्टनासाठी झाला आणि युद्ध संपल्यावर तो घराघरांत शिरला. भाऊ म्हणाला, मेणबत्तीचं मेण आणि पॉलिथिन एकाच घराण्यातले, कार्बनच्या साखळ्यांचे. मेणाची साखळी आखूड, पॉलिथिनची कितीतरी लांब. साधारण 110 अंशांना ते वितळतं. म्हणजे आई सख्ख्या भावंडांपैकी एकाला जाळून दुसऱ्याला नमवत होती, आणि 110 अंश तिने नाकावर मोजले होते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘लांब साखळी होती तरी पिशव्या फाटायच्याच.’

शेवटची वर्षं ती माझ्याकडे पुण्याला होती. हाताला कंप होता. चहाचा कप अर्धाच भरायचा, हे घरात सगळ्यांना अंगवळणी पडलं होतं. हे मणी मुळात स्वीडनमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या हातांना काम म्हणून निघाले, असं सांगतात. ते कळल्यावर मी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि मणी दिले ते मोठे, 10 मिलिमीटरचे. तिने एक उचलून पाहिला. ‘हे पोराटोरांचे मला का?’ लहान मणी हवे होते तिला. ते निम्मे घरंगळून जायचे. मग ती उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून बसवायची, एकदा तिने पूर्ण दुपार घालवून तुळशीवृंदावन केलं, पायऱ्या वाकड्या, पणती मात्र जागच्या जागी. इस्त्री मी केली. मी कागदातून भोकं बघत होते, अजून मोठी दिसत होती, म्हणून फिरवत राहिले. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ‘पुरे,’ ती म्हणाली. ‘उचल.’ मी उचलली. कागद सोलला तर सगळे मणी धरलेले, एकही चेपलेला नाही.

हा प्रसंग मी पुष्कळदा आठवून पाहते. त्या दिवसापासून मी स्वतः वास घ्यायचा प्रयत्न करते. मला येतो तो वास एकच, तापलेल्या प्लॅस्टिकचा. त्यातले टप्पे मला नाही कळत. बहुधा हजारो पाकिटांनंतरच ते कळत असावेत, आणि पाकिटांवर घर चालत असेल तर जरा लवकर. तिच्या या हातोटीला आमच्याकडे कुणी कला म्हटलं नाही. मीसुद्धा बालवाडीत हस्तकलेचं प्रदर्शन भरवत असे तेव्हा तिला पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसवत असे, एवढंच.

2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आईने वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, ‘माझी पाकिटं आता कुठे असतील?’ मी ते थट्टेवारी नेलं. पण प्रश्न अचूक होता. मेतकूट खाऊन संपलं, खाणारेही काही गेले, पाकिटं मात्र कुठल्या तरी मातीत असणारच, तिने बंद केलेल्या शिवणीसकट. तेव्हापासून केर काढताना फ्रिजखालून निघालेला मणी मी कचऱ्यात टाकत नाही, धुऊन बालदीत टाकते. प्लॅस्टिकवाचूनही भागतं, हे ठाऊक नव्हतं असं नाही. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडकांचं काम शिकवलेलं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ सोबतीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून चिंचोके, शंखशिंपले, बिया, खडे यांच्यावर मुलांची बोटं तयार करायची. चिमटीला काय, चिंचोकाही चालतो. हे मला मान्य आहे. चिंचोके मीही ठेवते. पण चिंचोके आणि निळा मणी शेजारी ठेवले की मुलं कुठे जातात तेही मी दर रविवारी बघते.

मूल आणि मणी म्हटलं की मला आणखी एक माळ आठवते. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी 1954 ते 1956 या काळात नेवाशाला उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या वस्तीत एका लहान मुलाचं दफन सापडलं, गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. मण्यांच्या आत धाग्याचा अंश उरला होता, तांब्याच्या गंजानेच तो जपला. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस निघाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. तांब्याचं, रेशमाचं इतकं कुणी मुलासाठी का करावं, हे कळायला पुरातत्त्व लागत नाही. मला छळतो तो दुसराच प्रश्न. ती माळ त्या मुलाच्या गळ्यात खेळताना होती, की गेल्यावर घातली? जिवंतपणी मिळाली असेल तर त्याने ती ओढली असेल, चघळली असेल. मी आपली तशीच समजूत करून घेतली आहे.

सध्या वर्गात एक मुलगा आहे, साडेपाचचा. तो इस्त्री करू देत नाही. पाटी भरतो, उठून लांबून बघतो, मग उलटी करून मणी ताटात ओततो आणि रंग निवडायला बसतो. कधी गाडी असते, कधी नुसत्या गोल रेघा, एकदा म्हणाला, ‘ही पावसाची सोसायटी.’ सुरुवातीला मी इस्त्री तापवून ठेवायचे. आता नाही तापवत. त्याचे वडील मात्र अस्वस्थ आहेत. ‘मॅडम, फी भरतोय आम्ही. बाकीची मुलं काही ना काही घेऊन येतात. हा घरी काय आणतो?’ मी म्हटलं, शर्टाची बटणं हल्ली तो स्वतः लावतो की नाही, बघा. ते म्हणाले, ‘लावतो, पण आजीला काय पाठवू?’ मी म्हटलं, पुढच्या वेळी ओतायच्या आधी फोटो काढून ठेवते. त्यावर तो मुलगा मध्येच म्हणाला, ‘मला विचारून.’

त्याच्या वडिलांत आणि माझ्यात फार अंतर नाही, हे मलाही कळतं. आईचं ते तुळशीवृंदावन मी जपून ठेवलंय. पण तिची पाकिटं, ज्यांत तिची खरी अक्कल होती, त्यांतलं एकही आमच्या कुणाकडे नाही. ती फोडण्यासाठीच होती आणि गिऱ्हाइकांनी ती फोडली. आत्याचा हंस मात्र आहे. परवा चुलतभावाचा फोन आला, घर रंगवायला काढलंय, पेटी कुठे ठेवायची कळत नाही, तुला हवी का? मी आधी नको म्हटलं. मग म्हटलं, किल्लीसकट देणार असशील तर पाठव. ते मोती इस्त्रीखाली चालायचे नाहीत, पण साडेपाचच्या त्या मुलाला तारेतून काही सुटं करायला द्यायचंच आहे.